स्प्रिंग चांगली होती

“स्प्रिंग चांगली होती का नाही, एवढंच सांगा वस्ताद. बाकी काही विचारू नका.”

समरजितने पोतं उलटं केलं. काळी, जाड तारेची, बुटकी स्प्रिंग फरशीवर टेकवलेल्या कामाच्या लोखंडी पाट्यावर पडली आणि थोडी घरंगळली.

दस्तगीर मिस्त्री स्टुलावर बसले होते. त्यांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. हात लावला नाही.

“च्या घेणार?”

“नको.”

“आबा, तीन च्या सांग,” ते पत्र्याआडून मला म्हणाले.

आबा म्हणजे मी. उद्यमनगरात वस्तादांच्या गॅरेजला लागून माझं दुकान आहे. गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. आमच्या दोघांत फक्त एक पत्रा आहे, तोही पुढच्या बाजूला उघडा. भिंतीला कान असतात म्हणतात. पत्र्याला नसले तरी मला आहेत, आणि बावीस वर्षं ते त्याच बाजूला आहेत. त्या शुक्रवारी दुपारी काय झालं ते मी ऐकलं, आणि मशीन बंद करून बघितलंही. गल्लीत लोक ते तिखटमीठ लावून सांगतात. तसं नव्हतं. म्हणून लिहितोय.

वस्ताद सत्तरीचे. आयुष्यभर एकच काम केलं. इंजिन नाही, गिअर नाही. गाडी ज्यावर उभी राहते आणि ज्यावर झुलते तेवढंच. स्प्रिंग, कमानीचे पाटे, हादरा जिरवणारे शॉकॲब्सॉर्बर, सांध्यांतले रबरी बूश. लोक सातारा-बेळगावहून गाडी घेऊन येत.

समरजित घोरपडे त्यांचा चेला. सहा वर्षं हाताखाली होता. हात असा, की बघत राहावं. वस्ताद त्याच्यावर कधी ओरडले नाहीत, आणि ज्याच्यावर ते ओरडत नसत त्याच्यावर त्यांचा जीव असे.

पाच वर्षांपूर्वी तो निघून गेला. कारण अगदी साधं होतं. एका गिऱ्हाइकाला गाडी खाली बसवून हवी होती, जमिनीला टेकल्यासारखी. वस्तादांनी नाही म्हटलं. समरजित सगळ्यांदेखत म्हणाला, “वस्ताद, तुमचा जमाना गेला.” आणि गेला. नंतर हायवेला त्याचं दुकान झालं, काचेचं. गाड्या मॉडिफाय करून देणारा समरजित म्हणून तीन जिल्ह्यांत नाव झालं.

त्या दिवशीही तो तसल्याच आपल्या गाडीतून आला होता. लाल, खाली दबलेली. माझ्या दुकानासमोरच्या उंचवट्यावरून घेताना ती खालून खरवडली.

पाच वर्षांत पहिल्यांदा तो आला होता. आणि वस्तादांनी “कसा आहेस” असंही विचारलं नाही.

चहा आला. वस्तादांनी बशीत ओतून प्यायला. मग हात पुसले आणि स्प्रिंग उचलली.

आधी ती पाट्यावर उभी केली, डुगडुगते का बघायला. डुगडुगली नाही. मग डोळे मिटून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. तार कुठे चिरली आहे का, रंगाखाली गंज आहे का, हे त्यांना बोटाला कळतं. मग दोरीला टांगली आणि पान्याने हलकेच ठोकली.

आवाज स्वच्छ आला. देवळातल्या लहान घंटेसारखा, बराच वेळ टिकला.

“कुठली?”

“परदेशी आहे. कागद आहेत माझ्याकडं. नकली माल मी दुकानात ठेवत नाही, वस्ताद. तुमच्याकडं शिकलोय.”

वस्तादांनी स्प्रिंग खाली ठेवली.

“चांगली हाय.”

समरजितने डोळे मिटले. त्याचे खांदे एकदम उतरले. किती दिवसांनी तो असा श्वास घेत होता कुणास ठाऊक.

“वस्ताद, परत एकदा म्हणा.”

“चांगली हाय. मी आजवर बघितलेल्यांत चांगली.”

“झालं तर मग,” तो म्हणाला. आणि पोतं उचलायला वाकला.

“बस.”

तो बसला.

“गाडीत कोण बसायचं?”

हा वस्तादांचा जुना प्रश्न. गाडी आली की दुसरे मिस्त्री विचारतात, किती चालली, काय वाजतंय. वस्ताद विचारत, गाडीत कोण बसतं. कुणाची आई जाड आहे, कुणाची बायको गरोदर आहे, कोण डिकीत टोमॅटोचे क्रेट टाकतो, सगळं ऐकून घेत. गिऱ्हाईक वैतागत. मग वस्ताद सांगत, हा पार्ट घे, तो नको.

समरजित पोत्याची घडी घालत बसला.

“मी इचारलं, गाडीत कोण बसायचं?”

“उमाकांत शेटे सर. गडहिंग्लजला शाळेत शिक्षक आहेत, गाडी सेकंडहँड घेतलेली. ते, त्यांची बायको, पोरगी, वडील.”

“आन् त्यांनी तुला काय मागितलं?”

“वडिलांना वळणावर गरगरायचं. गाडी फार झुलते म्हणाले. झुलायची थांबवून द्या म्हणाले.”

“गाडी खाली बसवून द्या म्हनले?”

“…नाही.”

“मग?”

“खाली बसवली की झुलणं कमी होतं, वस्ताद. वजन जमिनीजवळ येतं. हे पुस्तकात आहे.”

“बूश बघितलंस?”

“नाही.”

“सेकंडहँड गाडी. म्हातारा गरगरतोय. आधी रबरी बूश बघायचं, मग शॉकॲब्सॉर्बर. हे तुला ठावं न्हवतं?”

“माहीत होतं.”

“मग?”

समरजित खाली बघत म्हणाला, “बूश बदललं तर दिसत नाही.”

खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. दिसत नाही असं काम करून पोट भरणं अवघड असतं. मी सीटच्या आतला फोम चांगला घालतो, आणि गिऱ्हाईक वरची शिलाई बघून जातं.

वस्ताद उठले.

“तुझ्या गाडीला ह्याच हायत?”

“ह्याच. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या. गाडीपण सरांची होती त्याच मॉडेलची. मी स्वतः वापरतो त्याच दुसऱ्याला देतो, वस्ताद.” हे बोलताना त्याची मान जरा ताठ झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

“शॉकॲब्सॉर्बर?”

“गाडीबरोबर आलेलेच. चांगले होते, म्हणून बदलले नाहीत.”

“वर घे गाडी.”

“कशाला?”

वस्तादांनी जॅक सरकवला.

सगळी गल्ली ज्याला हसायची, ती हीच गोष्ट. वस्तादांच्या गॅरेजचे दोन रिवाज होते. पहिला, स्प्रिंगचं काम झालं की गाडी मागून उचलायची, दोन्ही चाकं अधांतरी सोडायची, आणि हात घालून स्प्रिंग फिरवून बघायची. फिरली नाही तरच गाडी बाहेर. दुसरा, गाडी पहिल्यांदा रस्त्यावर घ्यायची तेव्हा चालवायला मालक, आणि वस्ताद मागच्या सीटवर. पुढे कधीच बसायचे नाहीत. मागे नवरदेवासारखे बसून उद्यमनगरातल्या सगळ्या खड्ड्यांतून फिरून यायचे.

समरजित एकदा म्हणाला होता, “वस्ताद, पुढं बसा की. लोक हसतात.”

तेव्हा ते म्हणाले होते, “चालवणाऱ्याच्या हातात चाक असतंय. त्याला हादरा कळत न्हाई. मागच्याच्या हातात काय नसतंय.”

गाडी वर गेली. वस्तादांनी खाली लोखंडी घोड्या लावल्या. मागची दोन्ही चाकं लोंबली.

“हात घाल.”

समरजित गुडघ्यांवर बसला. त्याने चाकाच्या मागून हात आत घातला.

मी इकडून त्याचा चेहरा बघत होतो. हात आतच राहिला.

“फिरती?”

“फिरते.”

“किती बोटांनी?”

“दोन.”

वस्ताद शेजारी उकिडवे बसले. त्यांनी चाक पायाने थोडं खाली दाबलं, आत हात घातला आणि स्प्रिंग बाहेर काढून आणली. पाना नाही, हातोडी नाही. फडताळातून डबा काढावा तशी.

एवढं मलाही कळलं. स्प्रिंग आखूड, शॉकॲब्सॉर्बर लांब. गाडी उभी असते तेव्हा तिचं वजन स्प्रिंगला दाबून धरतं. पण चाक उंचवट्यावरून उतरताना क्षणभर लोंबतं. लांब शॉकॲब्सॉर्बर त्याला लोंबू देतो. तेवढ्यात आखूड स्प्रिंग वरची जागा सोडते.

“गाडी उभी असताना घट्ट बसलेली असते, वस्ताद,” समरजित म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

“गाडी उभी असताना सगळंच घट्ट असतंय.”

त्यांनी ती स्प्रिंग पाट्यावर नेऊन पहिलीच्या शेजारी उभी केली. दोन काळ्या स्प्रिंगा. कुठली कुणाच्या गाडीतली, ओळखता येईना.

वस्ताद परत स्टुलावर बसले. पलीकडच्या लेथचा आवाज तेवढा येत होता.

“कधी झालं?”

“आठ महिने झाले. गडहिंग्लज-आजरा रस्ता. पाहुण्यांच्या वास्तुशांतीला चालले होते. एक मोरी आहे, तिथं रस्ता उंच होतो आणि एकदम उतरतो. गाडी एका बाजूला बसली आणि उसात पलटी झाली.”

“कोण गेलं?”

“बाई. शैलाबाई. मागं बसल्या होत्या. पुढं वडील होते, त्यांना गरगरतं म्हणून. पोरीची परीक्षा होती, ती बरोबर नव्हती.”

वस्तादांनी तोंडावरून हात फिरवला.

“पोलीस काय म्हनले?”

“चालकाचा ताबा सुटला.”

“आन् मास्तर?”

“गाडी कशी पलटली ते त्यांना आठवत नाही. डोक्याला मार होता. आदल्या रात्री पेपर तपासत जागले होते. सगळे म्हणाले, डुलकी लागली असेल. वडिलांनी गरगरतं म्हणून डोळे मिटून घेतले होते, त्यांना काही माहीत नाही. मग सरपण म्हणायला लागले, मला डुलकी लागली.”

“किती वाजता झालं?”

“सकाळी. दहा-साडेदहाला.”

“सकाळी धाला डुलकी.”

वस्ताद एवढंच म्हणाले. मग त्यांची नजर पाट्यावर गेली आणि तिथेच थांबली.

“समर.”

“जी.”

“गाडी पोलिसांनी नेली असंल. ही स्प्रिंग तुझ्याकडं कशी?”

मी बावीस वर्षं या पत्र्याआड बसलोय. माणसं रडताना ऐकली आहेत, भांडताना ऐकली आहेत. पण पुढं जे ऐकलं तसलं कधी ऐकलं नव्हतं.

“सरांनी मला फोन केला होता,” समरजित म्हणाला. “तिथूनच, उसातून. ॲम्ब्युलन्सला केला आणि नंतर मला. म्हणाले, मला गाडीतलं काही कळत नाही, तुम्ही या. मी गेलो. तोवर सगळ्यांना दवाखान्यात नेलं होतं. गाडी उलटी पडली होती. मी बघत बघत गेलो तर ही दहा पावलांवर, उसाच्या सरीत. उभी होती, वस्ताद. कुणीतरी नेऊन ठेवावी तशी. एक ओरखडा नव्हता.”

“मग?”

“डिकीत टाकली.”

“कुनी बघितलं?”

“कुणी नाही.”

“तू बघितलंस.”

समरजितने मान खाली घातली.

“मी रोज ती काढून बघतो. भिंग घेऊन बघितली. प्रयोगशाळेत नेऊन दाबून बघितली. सगळे म्हणतात, माल एक नंबर. मला वाटलं, तुम्ही म्हणालात चांगली, की मला झोप लागेल. स्प्रिंग चांगली असेल तर माझी चूक नाही. मग सरांना मी जे बोललो तेपण…”

तो थांबला. पण जीभ एकदा सुटली की मागे फिरत नाही.

“काय बोललास?”

“नको वस्ताद.”

“काय बोललास मास्तरला?”

समरजित खाली फरशीवर बसला. पाच वर्षांपूर्वी तो जिथे बसून डबा खायचा, त्याच जागी. त्याला ते कळलं होतं असं वाटत नाही.

“गेल्या आठवड्यात सर दुकानात आले होते. एसटीनं. आता ते गाडी चालवत नाहीत. एवढं मोठं दुकान, काचा, चार गिऱ्हाइकं, आणि ते चपला बाहेर काढून आत आले. म्हणाले, समरजित, तुम्ही गाडी बघितली होती. तुम्हाला यातलं कळतं. मला खरं सांगा. मला झोप लागली होती का? पोरगी मामाकडे राहते. इरा. नऊ वर्षांची आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तिला कुणीतरी सांगितलंय, पप्पा झोपले म्हणून आई गेली. तसं असेल तर मी तिच्यापुढं जाणार नाही. पण मला नक्की कळू दे, म्हणाले.”

“आन् तू?”

“मी म्हणालो…”

तो हुंदक्याने अडला. चौतीस वर्षांचा गडी, पण मला तो तेव्हा सहा वर्षांचा वाटला.

“मी म्हणालो, लागली असेल, सर.”

मी मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कुणाला दिसू नये असं मला वाटत होतं. त्या मास्तरला मी कधी बघितलेलं नाही. पण काचेच्या दुकानाबाहेर काढून ठेवलेल्या त्याच्या चपला मला अजून दिसतात.

“ते काय म्हनले?” वस्तादांनी विचारलं.

“म्हणाले, बरं झालं सांगितलंत. मला चहा पाजा म्हणाले. चहा घेतला आणि गेले.”

वस्ताद उठले. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली टोपी काढली, डोक्यावर ठेवली, परत काढली. त्यांना काय करावं सुचत नव्हतं, हे मी पहिल्यांदा बघत होतो. मग ते समरजितच्या समोर खाली फरशीवर बसले. गुडघे दुखतात त्यांचे. बसायला वेळ लागला.

“ह्यात माझाबी वाटा हाय,” ते म्हणाले.

“नाही वस्ताद.”

“गप बस. सहा वर्सं तुला त्या चाकाखाली हात घालाय लावला. कशापायी घालायचा, ते एकदाबी सांगितलं न्हाई. मला वाटलं, हाताला कळंल. माझ्या वस्तादानं मला असंच शिकवलं. त्या वक्ताला चाललं. तू हुशार व्हतास. हुशाराला सांगाय लागतंय. न्हाईतर त्याला वाटतंय म्हातारा सोंगं करतोय.”

“मला तसंच वाटायचं.”

“ठावं हाय मला.”

माझा चहा तसाच निवला होता. समरजितचाही.

थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं. मग तो मिस्त्री झाला. माणसाला दुःख पेलेनासं झालं की तो आपल्या धंद्याच्या गोष्टीला धरतो. मीही माझी बायको गेली तेव्हा दोन दिवस एक सीट शिवत बसलो होतो.

“वस्ताद, दुकानात आठ गाड्या आहेत. आणि मागच्या तीन वर्षांत अशा साठेक गेल्या असतील. त्यांना काय लावू? एकदा नीट सांगा. ह्या वेळी ऐकतो.”

“सगळ्यास्नी बोलावून घे. एकेक गाडी लटकवून बघ. स्प्रिंग हाताला फिरली की गाडी द्यायची न्हाई. मालक भांडला तरी.”

“आणि नवीन?”

“आधी इचार, कोण बसणार. सगळ्यास्नी बसवून, डिकी भरून बघ. रिकामी गाडी खोटं बोलती. स्प्रिंग आन् शॉकॲब्सॉर्बर जोडीनं घे, एकमेकांच्या मापाचं. एक नवं, एक जुनं असला संसार न्हाई चालत. डाव्या बाजूला घातलंस तर उजव्या बाजूला घाल. बिरेकचा पाईप चाक लोंबल्यावर ताणतोय का बघ. आन् ज्याला खाली बसवाय नकोच हाय त्याला बसवू नगंस.”

“एवढंच?”

“एवढंच हाय. आधीबी एवढंच व्हतं.”

समरजित म्हणाला, “करतो. उद्यापासून करतो. साठच्या साठ गाड्या बोलावतो. माझ्या खर्चानं.” त्याचा चेहरा जरा उजळला. काहीतरी करायला मिळालं की बरं वाटतं. “आता कुणाला काही होणार नाही, वस्ताद. तुमच्या पायाची शपथ.”

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले.

“आन् एकसष्टावी?”

“म्हणजे?”

“साठ म्हनलास. एकसष्टावी गाडी कुठाय?”

“ती तर भंगारात गेली, वस्ताद.”

“मास्तर गेला न्हाई भंगारात.”

समरजितचा उजळलेला चेहरा गेला. मला वाटलं, वस्तादांनी हे बोलायला नको होतं. माणूस बुडताना काडी धरतो, ती का काढून घ्यावी? नंतर घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटलं, ती काडी मास्तरांची होती.

“सरांना सांगितलं तर पोलीस येतील. दुकान जाईल. आणि उसातनं ही उचलली हे कळलं तर मला आत टाकतील. माझी आई आहे घरी. तिला हे सोसणार नाही. आणि सांगून बाई परत येणार आहेत का?”

“न्हाई.”

“मग?”

वस्तादांनी पाट्यावरच्या दोन्ही स्प्रिंगा बघितल्या. एक उचलली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग समरजितला म्हणाले, “ह्यातली मास्तरची कुठली?”

समरजितने क्षणाचाही विचार न करता एकीवर हात ठेवला.

मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. वस्तादांनाही बहुतेक सारख्याच दिसत असाव्यात.

“आठ म्हयनं रोज बघतोस न्हवं,” वस्ताद हळू म्हणाले. “तू एकटाच वळखतोस तिला. ती पोरगी आपल्या बापाला वळखत न्हाई.”

समरजितने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. या वेळी आवाज आला नाही. फक्त खांदे हलत होते. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला वाटलं, ठेवावा. मी उठून गेलोही असतो. पण ते दोघांचं होतं, म्हणून बसून राहिलो.

ऊन पत्र्यावरून खाली उतरलं. केव्हातरी समरजितने चेहरा पुसला आणि उभा राहिला. खिशातून किल्ली काढली.

“जॅक खाली घ्या, वस्ताद. निघतो.”

“कुठं?”

त्याने पोतं उचललं. दोन्ही स्प्रिंगांकडे बघितलं आणि त्यातली ती एक पोत्यात घातली. हळू घातली, आवाज होऊ दिला नाही.

“गडहिंग्लज?”

“हां.”

“आजच?”

“उद्या जमेल असं वाटत नाही.”

वस्तादांनी मान हलवली. जॅकला हात लावला नाही. लाल गाडी मागून उचललेली तशीच राहिली, एक स्प्रिंग नसलेली, दोन्ही चाकं अधांतरी.

“ही न्हाई जात कुठं,” ते म्हणाले. “किल्ली हितं ठेव. स्टँडवर जा. पाचची एसटी हाय.”

समरजितने किल्ली पाट्यावर ठेवली. मग वाकून त्यांच्या पायाला हात लावला. पाच वर्षांपूर्वी जाताना त्याने लावला नव्हता.

दारात जाऊन तो थांबला. पोतं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. स्प्रिंग तशी फार जड नसते.

“वस्ताद… तिथं गेल्यावर बोलायला सुरुवात कशी करू?”

वस्ताद खाली बसल्या जागेवरून उठायला बघत होते. गुडघा साथ देईना. एका हाताने त्यांनी त्याच गाडीचा आधार घेतला.

“एसटीत जागा मिळंल,” ते म्हणाले. “मागच्या सीटवर बस.”